करा, करवली आणि रेसिंगचा क्लच

गाडी मी पुण्यातल्या एका मुलाकडून जुनी घेतली. छोटी, लाल, दिसायला अगदी गरीब. किल्ली देताना तो म्हणाला, "क्लच जरा हार्ड आहे, होईल सवय." मी मान हलवली. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या शाळेत मी शिकवायला जाते. माणसांनी गच्च भरल्याशिवाय न हलणाऱ्या जीपमध्ये रोज ताटकळण्यापेक्षा हार्ड क्लच परवडला, असं मला वाटलं.

त्याच्या सोसायटीच्या फाटकातच गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा ती बेडकासारखी उडी मारून रस्त्यावर आली आणि वॉचमन झटकन बाजूला झाला. पेडल दाबायला अख्ख्या पायाचा जोर लागत होता, आणि सोडताना मधलं असं काही नव्हतंच. दुसऱ्या गाड्यांमध्ये क्लच हळूहळू सोडला की गाडी जरा विचार करते, मग निघते. हिला विचार करायची सवय नव्हती.

मला लहानपणापासून झाकण दिसलं की उघडून बघायची खोड आहे. आईचा मिक्सर मी तीनदा उघडला आहे आणि दोनदा परत जोडला आहे. त्यामुळे अकोल्याच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली उतरवला, तेव्हा मी स्टूल ओढून शेजारीच बसले. गॅरेजवाल्याने क्लचप्लेट बाहेर काढली आणि हसायलाच लागला.

"ताई, ही रेसिंगची प्लेट हाय. कुनी दिली तुमाला ही गाडी?"

त्याने कोपऱ्यातली एक जुनी साधी प्लेट आणून शेजारी ठेवली. साध्या प्लेटीला भाकरीच्या काठासारखं सलग गोल अस्तर होतं आणि मधोमध हिसका गिळायला छोट्या स्प्रिंगा होत्या. माझ्या प्लेटीला अस्तराच्या जागी धातूचे सहा सुटे तुकडे होते आणि स्प्रिंगांचा पत्ता नव्हता.

"शर्यतीत हाफ क्लच धरायला वेळ कुनाला हाय? धरलं तं धरलं, सोडलं तं सोडलं," तो म्हणाला. "साधी बसवून देऊ?"

मी ती प्लेट हातात घेऊन उलटीसुलटी बघत राहिले. एवढ्याशा चकतीत इतका हट्ट कुठून येतो, ते मला समजून घ्यायचं होतं. "आहे तीच बसवा," मी म्हणाले. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाला.

शिकायला दोन महिने गेले. माझी डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झाली, असं आईचं म्हणणं. आईला गाडीतलं काही कळत नाही, पण युक्ती तिनेच काढली. "शेजारच्या सीटवर तांब्या भरून ठेव. पाणी सांडलं की समजायचं, चुकलं." त्यावरून मला एक गंमत कळली. भीतभीत क्लच मधेच धरून ठेवला की गाडी थडथडते आणि पाणी सांडतं. थोडी रेस देऊन क्लच बेधडक सोडून दिला, तर एक बारीकसा धक्का बसतो, आणि मग गाडी लोण्यासारखी चालते. राजूरचा चढ मी भरल्या तांब्यानिशी चढले त्या दिवशी शाळेतल्या मुलांना पेढे वाटले. कशाबद्दल, हे मुलांनी विचारलं नाही.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी नगरजवळची, हिवरे बाजारच्या अलीकडच्या गावातली, आणि लग्नही तिकडेच. सायकलपासून गाडीपर्यंत सगळं त्याला मीच शिकवलेलं. बैठकीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "परण्याची गाडी ताई चालवणार."

परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत गावच्या मारुतीला नेतात, ती मिरवणूक. पूर्वी घोडं असायचं, आता बहुतेक ठिकाणी सजवलेली गाडी असते. मला फार आनंद झाला. पण मामांनी लगेच हात वर केला. मामा पस्तीस वर्षं राजूरच्या रस्त्याला जीप चालवतात. आमच्याकडे वाहनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"पोरी, तू करवली हायेस. करवलीनं करा धरून नवरदेवाजवळ बसायचं. ष्टेरिंग धरायचं न्हाई." करा म्हणजे पाण्याने भरलेला, वर नारळ ठेवलेला लहानसा कलश. "आन् ती तुझी गाडी! आपल्या गावात काय बी कर. सोयऱ्याच्या दारात हसं नको."

"करा शेजारच्या सीटवर ठेवते मामा, बेल्ट लावून. तांब्या ठेवतेच की रोज."

भाऊ काही ऐकेना. शेवटी मामांनीच अट घातली. त्यांची जीप मागून येणार. माझी गाडी तीनदा बंद पडली, की नवरदेव उतरून जीपमध्ये बसणार. आईचा चेहरा पडला, कारण मारुतीच्या आधी नवरदेवाचे पाय जमिनीला लागू नयेत, असं आमच्यात मानतात. म्हणजे माझ्या एका पायावर भावाचा शकुन टांगला गेला. तरीही मी "चालेल" म्हणाले. घोडामैदान जवळच होतं.

लग्नाच्या दिवशी अकोल्याहून नगरपर्यंत गाडी अशी पळाली की मामांची जीप सारखी मागे राहत होती. मोकळ्या रस्त्यावर हा क्लच म्हणजे सुख. माझी छाती फुगली. आणि तिथेच माझी चूक झाली. दोन महिने मी चढ, उतार, खड्डे, म्हशी, सगळ्याचा सराव केला होता. परण्या किती हळू चालतो, याचा मात्र विचारच केला नव्हता.

परण्या चालतच नाही मुळी. तो सरकतो. पुढे बँड, बँडच्या मागे नाचणारी माणसं, त्यांच्या मागे गाडी. माणसं एक पाऊल पुढे टाकतात, दोन पावलं मागे येतात. गाडीने त्यांच्या पाठीला न लागता अर्धं अर्धं पाऊल पुढे यायचं. म्हणजे सगळा मामला हाफ क्लचचा, आणि नेमका तोच माझ्याकडे नव्हता.

पहिल्यांदा क्लच अर्धा धरून बघितला. गाडीला थंडी भरल्यासारखं झालं. मागे भावाचं बाशिंग सरकून नाकावर आलं. कऱ्यावरचा नारळ घरंगळून खाली पडला, पाणी सीटवर सांडलं आणि गाडी बंद पडली. नवरीकडची दोन माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्यांदा रसवंतीसमोर. तिथे जळका वासही यायला लागला. आरशात बघितलं, तर मामांनी जीपच्या खिडकीतून दोन बोटं बाहेर काढली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कधी नव्हे ती मला त्या गॅरेजवाल्याची आठवण झाली, आणि साधी प्लेट टाकली असती तर, असंही वाटलं. भाऊ मागून म्हणाला, "ताई, मला काही घाई नाही." त्याचा आवाज इतका शांत होता की मला रडूच येणार होतं.

आई गाडीच्या कडेने चालत होती. तिने खिडकीतून आत बघितलं, ओली सीट बघितली आणि म्हणाली, "तांब्याच्या वेळी काय करायचीस?"

बेधडक सोडून द्यायचे. पण पुढे माणसं असताना कसं सोडणार? मग वाटलं, हा क्लच अर्धवट चालत नाही, तर परण्याने तरी अर्धवट का चालावं? मी बँडच्या म्होरक्याला हाक मारून खिडकीशी बोलावलं.

"दादा, तुम्ही सगळे एका जागी थांबून हवं तेवढं वाजवा, नाचा. माझा हॉर्न वाजला की नाच बंद, वीस पावलं झपाझप चालायचं. मग पुन्हा थांबायचं. जमेल?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आमाला तं बरंच हाय ताई. चालता चालता फुकायचं म्हंजी दम लागतोय."

त्याने पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं. मी हॉर्न वाजवला. माणसं गोंधळली, हसली आणि चालायला लागली. पुढे पुरेसं अंतर पडू दिलं, रेस दिली, क्लच सोडला. बारीक धक्का, आणि मग लोणी. वीस पावलं. ब्रेक. पुन्हा नाच. चार-पाच वेळा असं झाल्यावर लोकांना त्याचीच मजा वाटायला लागली. हॉर्न वाजायच्या आधीच कोणीतरी ओरडायचं, "चला रेऽऽ!" नवरीकडच्या म्हाताऱ्या बायका प्रत्येक थांब्याला कुणाच्या तरी ओट्यावर टेकून घ्यायच्या. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली नाही. मारुती आला तेव्हा मुहूर्ताला पाऊण तास बाकी होता, आणि तिकडे नवरीची वेणी अजून अर्धीच झाली होती.

भाऊ मारुतीच्या पायरीवरच उतरला. आईने देवळाच्या नळावर करा पुन्हा भरला, नारळ बसवला आणि मला बेल्ट लावायला दिला. भाऊ दर्शन घेऊन पुन्हा मागे बसला, तेवढ्यात मामा आले. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांची नजर माझ्या पायांकडे होती.

"आन किल्ली. मांडवापत्तोर मी घेतो. बघू तं काय हाय हिच्यात."

बघू तं! पस्तीस वर्षांच्या ड्रायव्हरलाही झाकण उघडायची खोड असते, हे मला नवीनच होतं. मी करा उचलून घेतला आणि गाडीजवळ उभी राहिले. मामांनी पस्तीस वर्षांच्या सवयीने क्लच मऊ, हळू, अगदी पोटच्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा सोडला. गाडी थडथडून बंद. पुन्हा. बंद. "चढ हाय हितं," मामा म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मामा ते मामा, मी गिळलं. तिसऱ्यांदाही बंद.

मामांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. बँडवाले बघत होते, नवरीकडचे बघत होते. मग ते म्हणाले, "तीन झालं," आणि उतरले. मला वाटलं, आता भावाला घेऊन जीपकडे जातील. ते गाडीला वळसा घालून आले, माझ्या हातातला करा घेतला, शेजारच्या सीटवर बसले आणि तो दोन्ही हातांनी मांडीवर धरला.

"हाकर वाजीव," ते म्हणाले. हॉर्नला ते हाकरच म्हणतात.

मांडवापर्यंत अकरा थांबे झाले. मी एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही, मला धीरच झाला नाही. मांडवाच्या दारात आई पुढे आली. मामा उतरले, पांढऱ्या पायजम्यावरून हात फिरवून बघितला आणि करा तिच्या हातात दिला.

"घे आक्का," ते म्हणाले. "एक थेंब सांडला न्हाई पोरीनं."