आठ सेंटिमीटरचा मान

नवी वस्तू घरात आली की आधी थोरांनी वापरायची, मग धाकट्यांनी. आणि ‘का?’ असं विचारायचं नाही.

हा आमच्या घरातला नियम. आम्ही तंजावरचे मराठी, चेन्नईत अड्यारला राहतो. घरात सगळ्यांत थोर म्हणजे माझे आजोबा. त्यामुळे नवा फ्रिज आला तेव्हा त्यातलं पहिलं गार पाणी आजोबा प्यायले आणि आठ दिवस खोकले. माझी कॉलेजची छत्री आली, तर मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात ती उघडून आजोबा कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयार कोविलपर्यंत, म्हणजे गणपतीच्या देवळापर्यंत, जाऊन आले. माझ्या लॅपटॉपवर पहिलं अक्षर त्यांनीच टाइप केलं. एका बोटाने, स्वतःचं नाव, तेही चुकीचं. आजही माझं लॉगिन तेच आहे!

“पण का?” असं मी लहानपणापासून विचारत आले. आणि माझी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, निवृत्त शिक्षिका, आमच्याच घरी राहते, ती लहानपणापासून एकच उत्तर देत आली. “विचारू नये गे.”

हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जी माती खाल्ली तिचं खापर मला या नियमावर फोडायचंय. फुटतंय का, ते तुम्हीच बघा.

तर आता काव्याची ओळख करून देते. काव्या माझी चुलत बहीण. पेरुंगुडीला राहते, तिथेच नोकरी करते. माझ्याहून अकरा दिवसांनी मोठी. फक्त अकरा! पण आमच्या घरात अकरा दिवस म्हणजे अकरा दिवस. पहिली जिलबी तिला, खिडकीची जागा तिला. शिवाय ती गोड बोलते, वाकून नमस्कार करते, तिचे केससुद्धा चेन्नईच्या घामात सरळ राहतात. सांगा, अशा मुलीवर माणसाने जळू नये तर काय करावं?

आम्ही दोघी मुलींच्या एका ग्रुपबरोबर येलगिरीच्या डोंगरावर तंबूत राहायला जाणार होतो. मला परवानगी मिळाली ती कशी? “काव्या आहे ना बरोबर? सेरी, मग जा.” म्हणजे शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात रोज दहा माणसांची टीम सांभाळणारी मी, आणि मला सांभाळायला काव्या!

निघायच्या आधीच्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली, ती एक हिरवं बोचकं घेऊनच. तंबूत अंथरायची मॅट होती, आपोआप फुगणारी. आत स्पंज असतो, कोपऱ्यात व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडला की स्पंज हवा ओढून घेतो आणि मॅट फुगते. तोंडाने फुंकायला नको, पंप नको. काव्याने ती हॉलमध्ये पसरली, व्हॉल्व्ह फिरवला, आणि काय सांगू! कढईतल्या पुरीसारखी टम्म!

“आजोबा, पहिला मान तुमचा,” काव्या म्हणाली. कुणी न सांगता! स्वतःहून!

आत्याने मॅटच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नव्या वस्तूला लावतातच आमच्याकडे. मग आजोबा आडवे झाले आणि दोन तास घोरले. उठले ते म्हणाले, “बहु सुखाची निज लागली. पोरीचे कल्याण होवो.” मग थोरपणाच्या क्रमाने आत्या आडवी झाली. ती म्हणाली, “पाठीला पाठ नाहीच असे वाटले गे.”

मी स्वयंपाकघरात रसमचं पातेलं घासत होते. घासता घासता त्याची कल्हई गेली असेल.

बस आमच्या घराजवळूनच सुटणार होती, म्हणून काव्या तिची मॅट आमच्याकडेच ठेवून गेली. आठवडाभर! माझ्या डोळ्यांसमोर! माझ्याकडे तोवर काय होतं? पत्तमडैची गवती चटई. गुंडाळली की कमरेसारखी कडकड वाजणारी.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी थेट दुकानात.

“मॅडम, पाठीवर झोपता की कुशीवर?” दुकानदाराने विचारलं. “कुशीवर झोपणाऱ्यांना जाड लागते. पाठीवरच्यांना पातळही चालते. ओझं किती उचलणार? थंडी किती असेल?”

“माझ्या बहिणीकडे पाच सेंटिमीटरची आहे,” मी म्हटलं.

“हो, पण तुम्ही कशा झोपता?”

“तिच्यापेक्षा जाड दाखवा!”

बिचाऱ्याने मला खाली एक पसरून दिली. म्हणाला, दहा मिनिटं पडून बघा, कूस बदला, कंबर टेकते का बघा. मी दहा सेकंद पडले. कंबर वगैरे मी काही बघितलं नाही, मी लेबल बघत होते. तीच कंपनी, तोच शेवाळी हिरवा रंग, पण आठ सेंटिमीटर!

“मॅडम, ही पहिल्यांदा उघडाल तेव्हा...”

“माहीत आहे हो मला!”

काय माहीत होतं? काही नाही. पण तो सावकाश बोलत होता आणि मला घाई होती.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सभा भरली. आजोबा, आत्या, आई, बाबा. आत्याने आधी हळदीकुंकू लावून घेतलं. मी ऐटीत व्हॉल्व्ह फिरवला.

काही नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पुरी कुठली, साधा उत्तप्पासुद्धा नाही. जमिनीवर हिरवा पेपर डोसा!

“काव्याची तर लगेच उठली होती,” आत्या म्हणाली. म्हणणारच!

“नवी आहे, आवळून बांधलेली,” आजोबा म्हणाले. “पसरून राहू दे. उद्यापर्यंत आपण होऊन उठेल.”

“आजोबा, ती काय आजारी माणूस आहे, विश्रांती घेऊन उठायला? पीस खराब आहे!”

तरी मान तो मान. आजोबा त्या डोशावर आडवे झाले, दहा मिनिटं छताकडे बघत राहिले, आणि कंबर धरून उठले. “चांगली आहे,” म्हणाले. त्यांचा तो समजूतदार आवाज! त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

मी ताबडतोब मॅट गुंडाळली आणि दुकानात फोन लावला. तिकडून प्रश्न आला, “मॅडम, डाग वगैरे नाही ना पडलेला? डाग असला तर परत घेत नाही.” मी कोपरा बघितला. पिवळं बोट, लाल बोट. आता दुकानदाराला काय सांगू, मॅटची पूजा झालीय म्हणून?

गुरुवारपर्यंत मी नुसती धुमसत होते. येलगिरीला काव्या पुरीवर झोपणार, मी डोशावर. सगळ्या मुली बघणार. घरी आल्यावर पुन्हा, “काव्याला बघ, कशी निवडून घेतली!”

आणि मग मी ते केलं.

अहो, रंग तोच! कंपनी तीच! कोपऱ्यात हळदीकुंकूसुद्धा तेच! घरात कुणी नसताना मी दोन्ही पिशव्या उघडल्या. काव्याची मॅट माझ्या पिशवीत अलगद गेली. माझी मात्र तिच्या पिशवीत जाईना. वर बसले, गुडघा टेकवला, दातांनी नाडी ओढली. इतकी जाड का लागतेय, असा प्रश्न तेव्हा तरी डोक्यात यावा की नाही? नाही आला. जळणाऱ्या माणसाचं डोकं फक्त जळायच्याच कामाचं असतं.

येलगिरीला आम्ही दुपारी पोचलो. काव्या आणि मी एकाच तंबूत. तिने आपली समजून माझी मॅट पसरली, शेजारी मी तिची, दोन्हींचे व्हॉल्व्ह उघडे टाकले आणि सगळ्या तळ्यावर फिरायला गेलो. मी मनातल्या मनात गाणी म्हणत होते. परत येऊन हिचं तोंड बघायचंय!

परत आलो. काव्याने तंबूचा पडदा वर केला.

“अय्यो!”

आत काय? आठ सेंटिमीटर! टम्म! लग्नाच्या स्टेजवरचा सोफा आणून ठेवावा तशी. तीन-चार तास पसरून राहिली आणि आपण होऊन उठली.

“जानू, हिला झालं काय? घरी एवढी नव्हती!”

“डोंगरावर... हवा पातळ असते ना,” मी म्हटलं. “फुगतात वस्तू.”

मी इंजिनिअर आहे. हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले.

मग काव्याने मॅट उलटी केली आणि चष्मा लावून तिच्यावरून बोट फिरवायला लागली. हातात दुरुस्तीची चिकटपट्टी.

“काय शोधतेस?”

“भोक गं. रविवारी आत्या निजली होती ना? तिच्या बांगड्यांना सेफ्टी पिना लटकलेल्या असतात, त्यातली एक घुसली. गुंडाळताना हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. मी काही बोलले नाही, आत्याला वाईट वाटलं असतं. म्हटलं इथे येऊन गुपचूप चिकटवू.” तिने पुन्हा बोट फिरवलं. “पण भोकच नाही! जानू, भोक बुजलं की काय आपोआप?”

मी माझ्या मॅटकडे बघितलं. म्हणजे तिच्या. ती पुरी मस्त फुगली होती. मी हळूच तिच्यावर बसले.

फुस्स.

इतका बारीक आवाज, की ज्याला ठाऊक आहे त्यालाच ऐकू यावा. मला ठाऊक होतं.

आता बघा हं माझी अवस्था. चिकटपट्टी समोर, हाताच्या अंतरावर. मागू कशी? मागितली तर काव्या विचारणार, तुझ्या मॅटला कसं काय भोक? दोन रात्री मी त्या डोंगरावर काढल्या. येलगिरीत दगड किती, ते मला विचारा. एकेकाशी बरगडीने ओळख करून घेतलीय. शेजारी काव्या, हळूहळू श्वास घेत, माझ्या आठ सेंटिमीटरवर.

आणि दुसऱ्या दिवशी ती काय म्हणाली असेल? “जानू, तुझी मान आखडलेली दिसते. आज गाद्या बदलू या का?”

माझी मॅट मला परत मिळत होती! पण बदलली तर भोक तिच्या अंगाखाली जाणार आणि सगळं उघडं पडणार.

“छे गं!” मी म्हटलं, मान तिरकी ठेवूनच. “मला तर इतकी छान झोप लागते!”

परतीच्या बसमध्ये बॅग आवरताना मॅटबरोबर आलेला कागद हाताला लागला. ‘पहिल्या वापरापूर्वी व्हॉल्व्ह उघडा ठेवून काही तास पसरून ठेवावी.’ दुकानदार तेच सांगत होता. आजोबांनी तर न वाचता सांगितलं होतं. मी तो कागद चार घड्या घालून बुटात कोंबला.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे आमच्याकडे जेवायला. काव्याने हॉलमध्ये तो सोफा पसरून दाखवला. भोकाचं अवाक्षरही काढलं नाही. एवढंच म्हणाली, “आजोबा, तुम्ही निजलात आणि माझी गादी दुप्पट झाली!”

घरात काय आनंद! बाबा मांडी थोपटून म्हणाले, “म्हणून म्हणतो, नियम उगाच नसतात.” आत्या माझ्याकडे वळली. “आणि तुझी का नाही उठली, जानू? तोंड वाकडे करून मान दिलास. गादीस कळते ते.”

“मॅटला कळतं?”

“विचारू नये गे.”

“आण तुझी गादी,” बाबा म्हणाले. “आजोबा पुन्हा निजतील. या खेपेस वाकून नमस्कार कर, नीट मान दे. तीही उठेल.”

आईने मॅट आणलीसुद्धा. पसरली, व्हॉल्व्ह उघडला, फुगली, बंद केला. आजोबा गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसायला लागले. सगळे माझ्या नमस्काराची वाट बघत होते. काव्याचे हात तर माझ्या आधीच जोडलेले!

आणि माझं टाळकं सटकलं.

“नाही!” मी ओरडले. “मी नमस्कार करणार नाही. आजोबांना या मॅटवर निजू देणार नाही. आणि हा पहिल्या मानाचा नियम आजपासून पाळणार नाही!”

आजोबा अर्धवट बसलेले, तसेच थांबले.

“का?” बाबांनी विचारलं.

‘का?’ आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा थोरांच्या तोंडून आला. आणि तो मला!

चोवीस वर्षं मी उत्तर मागत होते. आता द्यायची पाळी माझी. दिलं मी. भडाभडा दिलं. “कारण मानाने काही फुगत नाही! नवी मॅट पसरून ठेवली की उठते, कागदावर छापलंय! आणि ती जाड मॅट काव्याची नाहीच, माझी आहे. ही काव्याची. मी बदलली, चोरून! आणि हिला भोक आहे, आत्याच्या पिनेचं!”



बाबांचा हात मांडीवरच राहिला. आईच्या हातातला वाढायचा डाव हवेतच. आत्याने दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले. काव्याने जोडलेले हात सोडले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं, पण तिने पर्समधून ती चिकटपट्टी काढली आणि मुकाट्याने माझ्यापुढे धरली.

वडीलधाऱ्यांची तोंडं एकदा तरी बंद करायची, हे माझं स्वप्न होतं. झाली बंद. फक्त स्वप्नात ते सगळे माझ्याकडे असे बघत नसायचे.

आजोबांचे गुडघे मात्र जास्त वेळ थांबणारे नव्हते. ते टेकले मॅटवर. आणि त्या शांततेत, संपूर्ण हॉलला ऐकू जाईल असं, माझ्या बाजूने एकटी ती तेवढी बोलली.

फुस्स.