मी गोमाला रिक्षात बसवलं

आम्हाला कुणीतरी फसवलंय. नाव घेत नाही, कारण नेमकं कुणाचं घ्यावं तेच कळत नाही. पण सगळी माणसं सारखी असतात, असं ज्यांनी आम्हाला चार वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यांनी मुलाखतीच्या दिवशी ती सारखी नसतात, एवढं तरी सांगायला हवं होतं.

तुम्ही नुकतेच बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात असाल, तर हातातला चहाचा कप खाली ठेवा आणि माझा गाढवपणा ऐकून घ्या. नोकरी कशी मिळवावी ते मला विचारू नका. ती अर्ध्या तासात कशी घालवावी, आणि तीसुद्धा दुसऱ्याची, हे मात्र मी अधिकारानं सांगू शकतो.

याआधी मला एक नोकरी लागली होती. खोपोलीच्या एका कारखान्याच्या कचेरीत. ती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी मी हेडक्लार्कना समजावून सांगितलं, की म्हाताऱ्या पट्टेवाल्याला 'अरे-तुरे' करणं कसं चूक आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. दुपारी तोच पट्टेवाला माझी छत्री घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, "साहेबांनी दिलीय. जाताना विसराल म्हणून."

गावी, दहिवलीला परतलो. वडील भात कांडून आणायला निघाले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि गिरणीची वाट धरली.

म्हणून माथेरानच्या एका हॉटेलातून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं: या वेळी तोंड उघडायचं नाही. काम कारकुनाचं. इंग्रजी पत्रं लिहायची, आलेल्या पाहुण्यांची सोय बघायची. नेरळहून छोट्या गाडीनं वर पोचलो, तर हॉटेलच्या शेठनी माझ्यासाठी स्टेशनवर रिक्षा पाठवलेली.

माथेरानला मोटार नाही, टांगा नाही. घोड्यावर बसा, नाहीतर माणसांनी ओढायच्या रिक्षात. पुढे एक जण ओढतो, मागून दोघं ढकलतात. त्या दिवशी मागे एकच होता, धाकू. पुढे गोमा.

"बसा साहेब," गोमा म्हणाला.

"मी चालत येतो."

"वाट लांब हाय."

"मला पाय आहेत."

"ते सगळ्यांनाच हायत. बसा."

"माणसानं माणसाला ओढायचं, हे मला मान्य नाही."

गोमानं धाकूकडे पाहिलं. मग मला समजावत म्हणाला, "तुमाला कुटं वडायची हाय? आमी वडतो. तुमी निस्तं बसा."

मी ताडताड पुढे निघालो. ते रिकामी रिक्षा घेऊन मागून आले. थोड्या वेळानं वळून बघतो, तर गोमा लंगडतोय. घोटा केवढा तरी सुजलेला.

"पायाला काय झालं?"

"हळू बोला साहेब. परवा मुरगाळला. शेठला कळलं तर हंगामाला दुसरा गडी लावंल. हे दोन महिनं गेलं का पावसाळाभर डोंगरावर चिटपाखरू नाय. मग खायाचं काय?"

आता सांगा, शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? गप्प चालला असता. मी म्हणालो, "तू बस. मी ओढतो."

तो नको नको म्हणत होता. मी भर रस्त्यात त्याला श्रमाची प्रतिष्ठा समजावायला लागलो. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले, तसा तो चटकन रिक्षात चढला. मला गप्प करायला तो बसला, हे मला फार उशिरा कळलं.

रिक्षा ओढणं म्हणजे काय, ते लांबून कळत नाही. पहिल्या चढालाच माझे डोळे पांढरे झाले. आणि आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. माथेरानचा रिक्षावाला स्वतः रिक्षात कधी बसतो, ठाऊक आहे? त्याला दवाखान्यात नेतात तेव्हा. एरवी कधीच नाही.

समोरून एक घोडेवाला आला. "गोमा, काय झालं रं?"

"काय नाय, काय नाय," गोमा म्हणाला. आता आजारी माणूस दुसरं काय म्हणतो?

घोडेवाल्यानं मला विचारलं. माझा श्वास पुरत नव्हता. मी नुसती मान हलवली. तो घोडा वळवून हॉटेलच्या दिशेनं भरधाव सुटला.

पुढं मोळ्या घेऊन चाललेल्या दोन बायका भेटल्या. त्यांनी मोळ्या खाली टाकल्या आणि तोंडाला पदर लावून आमच्याबरोबर चालू लागल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. कुणीतरी गोमाच्या अंगावर घोंगडी घातली. एप्रिल महिन्यात. गोमाला घाम फुटला, तशी मागची बाई म्हणाली, "ताप चढला गं बाई."

हॉटेलच्या फाटकाशी सगळे जमलेच होते. गोमाची बायको तिथंच भांडी घासायला होती. ती राखेच्या हातांनीच धावत आली. "सकाळी अर्धी भाकर ठेवली, तवाच मी बोलले व्हते!"

शेठ स्वतः पुढे आले. भला माणूस. गोमाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरांना बोलावलंय. तू हंगामभर घरी पडून राहा. रिक्षेवर मी दुसरा माणूस घेतो. तू कसलीच काळजी करू नकोस."

तेव्हा मात्र गोमा खरंच आजारी दिसायला लागला.

"शेठजी, तो ठणठणीत आहे," मी म्हणालो. "मी त्याला तत्त्व म्हणून बसवलं."

"आपण कोण?"

"मुलाखतीला आलोय."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. धड कपड्यांतला माणूस असं काही करील, यावर कुणाचा विश्वास बसेना. आजाऱ्याला धीर यावा म्हणून मी खोटं बोलतोय, असंच सगळ्यांना वाटलं.

गोमानं घोंगडी फेकली आणि दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला. "शेठ, मी बरा हाय. ह्या साहेबांना बसवून हॉटेलला एक फेरी मारून दावतो." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आता तरी बसा."

या वेळी मी तत्त्वाबद्दल काही बोललो नाही. बसलो.

धाकूनं मागून एकट्यानं सगळा भार घेतला. गोमानं दांडे नुसते धरले होते. लोकांसमोर तो ताठ चालला. हॉटेलच्या मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नव्हतं, तिथं तो एका पायावर उड्या मारत होता. मी आत श्वास रोखून होतो. त्यानं वजन कमी होत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं, तरीही.

फेरी पुरी झाली. शेठ गोमाला म्हणाले, "ठीक आहे. रिक्षा तुझ्याचकडे." मग मला म्हणाले, "अर्जातलं तुमचं इंग्रजी उत्तम आहे. पण आलेल्या पाहुण्याला रिक्षात बसवणं हे इथलं पहिलं काम. तुम्ही त्यांना ओढायला लावाल. चहा घेऊन जा."

चहा घेतला. छान होता.

बाहेर आलो, तर गोमा आणि धाकू पुढचे पाहुणे आणायला स्टेशनकडेच निघालेले. मला फार शरम वाटत होती. म्हटलं, "मी तुमच्याबरोबर चालतो. मागून हातभार लावतो."

सकाळपासून धाकूच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. त्यानं कपाळाचा घाम पुसला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "गोमा, ह्याला आत बसव रं. पायी आला, तर वाटंत आनखी कुनाची तरी नोकरी घालवंल."