मॅटीवरची आई

गेल्या उन्हाळ्यात मी आईच्या पेटीतल्या वस्तूंची यादी करायला बसले, ती डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तिला कालचं आठवत नाही, जुनं थोडंफार आठवतं. तेव्हा जुन्या, हाताळलेल्या वस्तू तिच्यासमोर ठेवा, त्यांच्याबद्दल बोलत राहा, असं ते म्हणाले. असं नेमकं काम मिळालं की मला बरं वाटतं. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं स्टोअर सांभाळते. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर आहे ते मला न बघता सांगता येतं. पांढरकवड्यातल्या आमच्या दोन खोल्याही मी तशाच लावलेल्या आहेत.

पेटीतून निघालं ते असं: लग्नातला शालू, वडिलांचा चष्मा, कुंकवाचा पितळी करंडा, मामाची दोन पत्रं. आणि तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला भरतकामाचा दोरा. लाल आणि हिरवा, दोन-दोन वीत उरलेला. माझी म्हणावी अशी पेटीत दुसरी एकही वस्तू नव्हती. तो दोरा माझा आहे हे लक्षात यायला मला पाच मिनिटं लागली. त्या दिवशी यादी तिथंच राहिली.

इथे मी तिला आई लिहिते आहे. बोलताना मी तिला कधीच आई म्हटलेलं नाही. मुकुटबनला आमचं एकत्र घर होतं. मोठ्या चुलतीला तिची मुलं आई म्हणत, म्हणून आम्ही सगळीच पोरं तिला आई म्हणायचो. माझ्या आईला धाकटे काका, आत्या, सगळेच वहिनी म्हणायचे. माझ्या कानावर तेच पडलं आणि मीही वहिनीच म्हणायला लागले. आमच्या भागात बऱ्याच घरांत असं आहे. कुणी वडिलांना भाऊ म्हणतं, कुणी दादा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

सहावीत कार्यानुभवाच्या तासाला आम्हा मुलींना मॅटीच्या कापडाचा एकेक तुकडा मिळाला. त्यावर फुलीच्या टाक्यांनी दोन पोपट भरायचे, मधोमध ‘आई’ असं लिहायचं आणि उन्हाळ्याची सुट्टी लागेल त्या दिवशी ते घरी आईला द्यायचं. माझे टाके फार चुकायचे. दुपारी भांडी आटोपली की वहिनी माझ्याजवळ येऊन बसायची आणि सुईच्या टोकानं चुकलेले टाके उसवून द्यायची, दोरा न तोडता. कापडावरची घरं मोठ्यानं मोजायची. बाजारातून दोरा तिनंच आणला होता. ‘आ’चा काना वाकडा गेला होता, तो तिनंच सरळ केला. ती चौथी शिकलेली होती; काय लिहिलं आहे ते तिला वाचता येत होतं. तीन आठवडे ती माझ्याजवळ बसली आणि हे कोणासाठी आहे असं तिनं एकदाही विचारलं नाही. कशाला विचारेल?

सुट्टी लागली त्या दिवशी ती दारातच सुपात तूर पाखडत होती. मी तिला ओलांडून आत गेले आणि ते कापड मोठ्या चुलतीच्या हातात दिलं. आई म्हणजे तीच, दुसरी कुणी माझ्या डोक्यातच नव्हती. सगळ्यांनी कौतुक केलं. दोन दिवसांनी काकांनी चौकट करून आणली. भिंतीवर कुठं लावायची यावर बोलणं चाललं होतं तेव्हा माझी आई हात पुसत आत आली. मोठ्या जावेला ती बाई म्हणायची.

“द्या जी बाई इकडे,” ती म्हणाली. “खिळा ठोका लागन त्याले.”

आणि तिनं तो ठोकला.

हे सगळं मला पेटीजवळ बसल्यावर दिसलं, चाळीस वर्षांनी. मग काय करायचं ते मी ठरवलं. तिला अजून माझा चेहरा ओळखू येत होता, अधूनमधून. तेवढ्यात ती चौकट आणायची, तिच्या हातात द्यायची आणि एकदा तिला आई म्हणायचं. एवढंच काम होतं.

मोठी चुलती जाऊन बरीच वर्षं झाली. चौकट आता माझ्या चुलतभावाकडे, त्याच जुन्या खोलीत. मी एसटीनं मुकुटबनला गेले. भावजयीनं चहा ठेवला आणि माझ्या हातातल्या वहीकडे बघून विचारलं, “ताई, यादीत आमचं घर कितव्या नंबरवर हाये?” मी हसले. मग कशासाठी आले ते सांगितलं. भाऊ स्टुलावर चढला. चौकट काढली तशी मागे भिंतीवर फिकट चौकोन उमटलेला दिसला. चुलतीनं शेवटचे दोन महिने ती खाटेवरून दिसेल अशी लावून घेतली होती, असं तो म्हणाला. त्यानं फडक्यानं काच पुसली आणि चौकट माझ्याकडे दिली.

“नेजो,” तो म्हणाला. “पण वापस आणून देजो बरं.”

घरी आले तेव्हा आई खाटेवर बसलेली होती. तिनं चौकट मांडीवर घेतली. पोपटाच्या चोचीवरून, मग अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला काहीतरी ओळखीचं वाटत होतं, हे मला दिसत होतं. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य मी म्हटलं.

“आई, हे तुह्यासाठी होतं. माह्याकून चुकलं.”

तिनं मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

“बाई वावरात गेल्या,” ती म्हणाली. “येतीनच आता.” मग लहान पोरीला समजवावं तशी हळू आवाजात म्हणाली, “कायले काढून आणलं व हे? त्यायचं हाये. ठेवून ये, पोरी.”

मी आठ दिवस प्रयत्न केला. सकाळी, जेवताना, वेणी घालताना. वेगवेगळ्या आवाजात आई म्हणून पाहिलं. दरवेळी ती दाराकडे बघायची. नवव्या दिवशी, बाईंना कुणीतरी हाका मारतंय आणि त्या ओ देत नाहीत म्हणून, ती त्यांना शोधायला उठली आणि उंबऱ्यात पडली. हाड मोडलं नाही. पण मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं.

चौकट मी परत नेऊन दिली. भावानं ती त्याच फिकट चौकोनावर लावली.

आता मी वहिनीच म्हणते. वहिनी म्हटलं की ती लगेच ओ देते, तोंड उघडते, गोळी घेते. हाक कुणाची आहे ते तिला कळत नाही. त्या घरात तिला वहिनी म्हणणारे पुष्कळ होते.