दौंडची दुहेरी खिडकी आणि तीनची मालगाडी

"खिडकी बघायला दौंडला?"

हा प्रश्न आमच्या घरी तीनदा विचारला गेला, दर वेळी थोड्या वरच्या पट्टीत. एप्रिलच्या सुट्टीत शेजारचे महाबळेश्वरला निघाले होते आणि मी टेम्पोत काच घालून सणसवाडी-शिरूर-दौंड करणार होते. शेवटी नवऱ्याने हात टेकले. "काच फुटली तर लवकर तरी परत येशील," म्हणाला.

दोष सगळा अन्वरचा. काही वर्षांपूर्वी मी शिरूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवायचे. अन्वर मूळचा दौंडचा, शिरूरला मामाकडे राहून शिकणारा, शेवटच्या बाकावर निष्ठेने झोपणारा. आता तो सणसवाडीत काचेच्या कारखान्यात आहे. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही झोप आन् स्वप्न असा धडा शिकवला व्हता ना? अम्मीला झोपच न्हाई. बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणतो दुपारी तरी झोपा. पण दुपारी खोलीची भट्टी व्हती, बाजूला रेल्वे, आन् लोडशेडिंगमुळं कूलर नुसता शोभेला. मी खिडकी आणतोय, दोन काचांची. हिला लाईट लागत न्हाई. पण अम्मी न्हाईच म्हणती. कारण बी सांगत न्हाई. तुम्ही समजावा."

ज्या धड्याला तो झोपला होता नेमका तोच त्याच्या लक्षात राहिला, याचा मला इतका आनंद झाला की मी हो म्हणून बसले.

सकाळी शिवाजीनगरहून शिरूरची एसटी पकडली. सणसवाडी तासाभरात येतं आणि तिकीट पुण्यातल्या एका बऱ्या कॉफीपेक्षा स्वस्त पडतं. उतरल्यावर दोन गोष्टी दिसतात, कारखान्यांची गेटं आणि "रूम भाड्याने देणे आहे"च्या पाट्या. अन्वर अशाच एका खोलीत तिघांबरोबर राहतो. दोघं दिवसपाळीला गेले की रात्रपाळीचे त्यांच्याच गाद्यांवर झोपतात. आम्ही गेलो तेव्हा बिहारचा एक जण तोंडावरचा गमछा काढून नुकताच उठत होता. मी सवयीने विचारलं, दिवसा झोप लागते का, स्वप्नं पडतात का.

"पड़ता है ना, मैडम," तो हसत म्हणाला. "इधर मालिक पानी का मोटर चलाता है, उधर सपने में बाबूजी खेत में पानी छोड़ते हैं. मोटर बंद, बाबूजी गायब."

वर्गात हे समजवायला मला अख्खा तास लागायचा. झोपलेल्याच्या कानावर बाहेरचा आवाज पडतो, आणि मन त्याला जाग येऊ द्यायच्या ऐवजी त्याचीच गोष्ट करून टाकतं. त्याच्या मनाने तर भाड्याच्या खोलीतून थेट गाव गाठलं होतं. मी कौतुकाने त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं मला चहा हवाय. त्याने चहा केला.

मग अन्वरने कारखान्यात नेऊन ती काच दाखवली. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिससाठी केलेली, मापात चुकलेली, कोपऱ्यात पडून होती. मालकाने त्याला नेऊ दिली. दोन काचांच्या मध्ये बोटभर जागा, तिच्यात कोरडी हवा कोंडलेली, कडेने पक्कं सील. एका काचेवर आतल्या अंगाने डोळ्यांना न दिसणारा मुलामा असतो, तो उजेडाला आत सोडतो आणि उष्णतेला दारातूनच परत पाठवतो. हे सगळं मला अन्वरने सांगितलं आणि मी "असं होय" म्हणाले, खरं म्हणजे माझा विश्वास बसला नव्हता.

"उभ्या ऱ्हावा मागं," तो म्हणाला.

अन्वरने आणि तिथल्या एका कामगाराने काच उन्हात उभी धरली आणि मी तिच्यामागे उभी राहिले. अकराचं ऊन. अंगावर लख्ख उजेड आला आणि ऊन बाहेरच राहिलं. मी एक पाऊल बाजूला सरकले तर गाल भाजला, परत मागे आले तर सावलीत आल्यासारखं. वयाचा मान न राखता मी हे चार-पाच वेळा केलं. चाळिशीची मास्तरीण काचेमागे आत-बाहेर नाचतेय म्हणून गेटवरचा वॉचमन उठून बघायला आला, आणि मग तोही नाचला.

अशी खिडकी करायचा तुमचा विचार असेल तर एकच सांगते, सील नीट बघून घ्या. ते फुटलं की दोन काचांच्या मध्ये वाफ धरते. ती ना आतून पुसता येत ना बाहेरून.

टेम्पो मित्राकडून मागून आणलेला, अन्वरच चालवत होता. शिरूरला चौकट घ्यायची होती. अन्वरचे मामा सुतार आहेत, त्यांनी जुन्या सागवानाची उघडझाप करता येईल अशी झडप करून ठेवली होती. काच भिंतीतल्या जुन्या खिडकीपेक्षा हातभर रुंद, त्यामुळे दौंडला गवंड्याने आधीच भिंत फोडून ठेवली होती.

"घराच्या मापाची खिडकी करत्यात लोक," मामा माझ्याकडे बघून म्हणाले. "ह्यो खिडकीच्या मापाचं घर करतोय. शिकवलंत तुम्हीच ना ह्याला?"

मी मानसशास्त्र शिकवायचे, भूमिती नाही, असं सांगून सुटका करून घेतली. मामांकडे मटकीची उसळ आणि भाकरी खाऊन निघालो.

शिरूरहून न्हावऱ्याचा रस्ता धरायचा, पुढे पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, मग केडगाव चौफुल्याला सोलापूर हायवे लागतो. गाडी स्वतःची असेल तर दीड तासात जाल. आम्हाला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, कारण दर खड्ड्याला अन्वर टेम्पो जवळजवळ थांबवायचा आणि आम्ही दोघं श्वास धरायचो. मागून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्याने ओरडून सांगितलं, "काच हाय, दादा!" ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मग डोक्यावर घेऊन चाल की!" चौफुल्याला उसाचा रस घेतला, आलं जास्त मागून घ्या. पाटसला उशिरापर्यंत राहिलेल्या उसाच्या ट्रॉल्या अजून कारखान्याकडे चालल्या होत्या आणि मळीचा वास थेट दौंडच्या वाटेपर्यंत सोबत आला.

अन्वरचं घर रेल्वेलाईनला लागून आहे, दोन खोल्या, वर स्लॅब. पश्चिमेच्या भिंतीला मोठं भगदाड आणि त्याच्यासमोर अन्वरची आई उभी. मी त्यांना चाची म्हणते. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"आलात बाई? बसा," त्या म्हणाल्या. मग भगदाडाकडे बोट केलं. "बगा, चांगल्या घराला भोक पाडलंय."

रात्रीच्या जेवणाला अख्ख्या मसुराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि कैरीचा ठेचा होता. तव्यावरची भाकरी उलटताना चाचींनी आपणहून एक गोष्ट सांगितली. अन्वरचे अब्बा मालगाडीचे ड्रायव्हर होते. ड्यूटी संपवून दौंडात शिरताना घराजवळच्या वळणावर ते शिट्टी द्यायचे, एक लांब, दोन आखूड. ती ऐकली की चाची तवा ठेवायच्या. यार्डात इंजिन सोपवून ते सायकलवर घरी येईपर्यंत भाकरी तयार.

"लाईनीतल्या सगळ्या बायकांच्या न्यारन्याऱ्या शिट्ट्या व्हत्या," चाची म्हणाल्या. "शेजारणीची वाजली तर मी जागची हलायची न्हाई."

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

खिडकीचा विषय मी काढला, तर म्हणाल्या, "हवा कोंडंल." झडप उघडते, म्हटलं. "बाहेरचं कळनार न्हाई." काय कळायला हवं, विचारलं. त्या भाकरी थापू लागल्या. मुलाने एवढ्या लांबून आणली म्हणून शेवटी बरं म्हणाल्या, पण ते बरं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खिडकी बसली. गवंड्याने फटी बुजवल्या, अन्वरने झडप लावली आणि खोलीतला आवाज एकदम कमी झाला. मला माझं घड्याळ ऐकू येऊ लागलं. बाहेर ऊन रटरटत होतं, लाईट नेहमीप्रमाणे गेले होते, आणि आत त्या उजेडात गार वाटत होतं. तीनच्या सुमाराला मालगाडी आली. काचेपलीकडून डब्यामागून डबा सरकत होता, अजस्र, तांबडा, आणि शिट्टी मात्र पलीकडच्या तालुक्यात कुणीतरी वाजवावी तशी. अंगावर काटा आला. मी अन्वरकडे बघितलं, तो तोंडावर हात ठेवून हसत होता.

कारण चाची गाढ झोपल्या होत्या. गाडी गेली तरी हलल्या नाहीत. चार वाजता उठल्या तेव्हा चेहरा सूज उतरल्यासारखा दिसत होता.

"गाडी गेली?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच! तुम्हाला कळलंसुद्धा नाही," मी विजयी मुद्रेने म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. "म्हंजी आज ते आले न्हाईत."

अन्वरला काही कळेना. चाचींनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "आमच्यात वाईट सपान कुनाला सांगू नये. चांगलं सांगावं, पर आपल्या जिवाच्या मानसालाच. हे माझं चांगलं म्हनावं का वाईट तेच कळंना, म्हनून कुनालाच बोलले न्हाई."

रोज दुपारी त्या उकाड्यात पडायच्या. डोळा लागला की अब्बांचं इंजिन वळणावर यायचं. अब्बा हात बाहेर काढायचे. मग शिट्टी, एक लांब, दोन आखूड. त्या तवा ठेवायला उठायच्या आणि जाग यायची. एवढंच. त्यासाठीच त्या रोज दुपारी आडव्या व्हायच्या.

अन्वर उठला आणि पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. "काढतो," म्हणाला. त्याने तो पहिल्या स्क्रूला टेकवला.

तेवढ्यात मी माझं ज्ञान पाजळलं. बाहेर गाडी शिट्टी देते, ती झोपेत कानावर पडते, आणि मन त्या एका क्षणात तिच्यामागची सगळी गोष्ट उभी करतं. आताच्या गाडीची शिट्टी नुसतीच लांब असते, तीही तुमचं मन दुरुस्त करून घेतं. मला हे इतकं अद्भुत वाटत होतं की बोलून गेले. मग चाचींचा चेहरा बघितला. मी एका बाईला सांगत होते की तुझा नवरा म्हणजे नुसता आवाज.

"म्हंजी शिट्टी हाय म्हनून ते येत्यात," चाची सावकाश म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. आणि त्याच वेळी मला दुसरी बाजू दिसली, जो आवाज माणसाला आणतो तोच त्याला घालवतोही. मोटर बंद, बाबूजी गायब. "पण चाची, शिट्टी झाली की तुम्ही उठता. मग ते घरात कधी येतात?"

अन्वर स्क्रूला टेकवलेला हात तसाच धरून उभा होता.

"कवाच न्हाई," त्या म्हणाल्या. "गेल्यापासून एकदा बी आत आले न्हाईत. वळनावरच असत्यात."

त्या अन्वरकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ठेव रं ते खाली. ऱ्हाऊ दे खिडकी. शिट्टीबिगर येत्यात का बगू. न्हाई आले तर झडप उघडाया मला हात हायत."

परतीला मी दौंडहून पुण्याची पॅसेंजर धरली. खिडकीची जागा हवी असेल तर गाडी फलाटाला लागायच्या आधी जाऊन उभं राहा. वळणावर चाचींचं घर आलं. खिडकीत मला फक्त आमची गाडीच दिसली, काचेत सोबत पळणारी. तरी मी हात केला. पुण्यापर्यंत मला धास्ती होती. ते आले नाहीत तर? चाचींचं रोजचं वळण आम्ही दोघांनी मिळून बुजवलं असेल तर?

घरी नवऱ्याने विचारलं, काय बघितलंस? मी दोन्ही हात काचेसारखे उभे धरून सांगायला लागले आणि थांबले. उजेडाला आत घेणारी आणि उन्हाला परत पाठवणारी काच मी बघितली होती. शिट्टीतून अख्खा माणूस उभा करणारं मनही बघितलं होतं. यातलं जास्त नवल कशाचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मे संपता संपता अन्वरच्या मोबाईलवरून फोन आला. पलीकडे चाची.

"पोरी, काल आले," त्या म्हणाल्या. बाई नाही, पोरी. "अन्वरला बी अजून सांगितलं न्हाई. तुला पयलं."

सगळं सांगून झाल्यावर मी भीत भीत विचारलं, मी कॉम्प्युटरवर प्रवासाचं लिहिते, तिथे हे लिहू का?

"वाचनारी मानसं कशी हायत?"

माझ्या मागच्या पोस्टखाली मिसळीवरून झालेली तुमची भांडणं मला आठवली. तरी म्हणाले, चांगली आहेत, चाची, जिवाची आहेत.

"मग लिव्ह. नावं तेवढी बदल."

नावं बदलली आहेत. स्वप्न त्यांच्याच शब्दांत देते.

"शिट्टी न्हाई, गाडी न्हाई. सायकल भिताडाला लावली आन् आत आले. मी म्हनलं, अवो, तवा बी ठेवला न्हाई अजून. म्हनले, असू दे. खिडकीखाली टेकले, गळ्यातला रुमाल काढला. म्हनले, घर गार झालंय गं. आन् तिथंच झोपले. त्यास्नी उठवायचं कशाला, म्हनून मी बी पडून ऱ्हायले."