पितृपंधरवड्यातली सही

हे मी आजवर कुणापुढंही बोललेलो नाही. आणि बोलण्याच्या बाबतीत मी कंजूस आहे असं आमच्या घरात कुणी म्हणणार नाही. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पोरं भोवती बसतात — काका, सांगा की काहीतरी. मी सांगतो. मामाची म्हैस, आत्याचं भांडण, माझी स्वतःची फजिती तर ठेवणीतली. एवढी बडबड केली, पण ही एक गोष्ट घशातच राहिली. तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून कदाचित जमेल.

मेढ्याजवळ आमच्या जमिनीचा एक तुकडा आहे. त्यात जायची वाट शेजाऱ्यानं तार ओढून बंद केली. तुकडा कागदावर माझ्या नावाचा, कारण घेतला तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ, फौजेत होता. राबणं मात्र दादाचं — मी आपला सांगलीजवळ माधवनगरात, पंख्याखाली. वाटेचा दावा आम्ही हरलो. साताऱ्याला अपील करायचं होतं, मुदतीच्या आत. वकीलसाहेब साताऱ्याचेच, साठी ओलांडलेले, हळू बोलणारे. त्यांनी सगळे कागद तयार ठेवले होते. नव्या वकीलपत्रावर माझी सही हवी होती. तेवढीच.

आणि पितृपंधरवडा लागला.

हसा, खुशाल हसा. मी शिकलेला माणूस आहे, पण त्या दिवसांत मी साधी चप्पलही घेत नाही. एकदा मोटारसायकल घेतली होती, ती आठवडाभरात उसाच्या ट्रॉलीखाली घातली. मी वाचलो, अक्कल तेवढी गेली. तर सहीसाठी मी साताऱ्याला जाईना, तेव्हा वकीलसाहेबच एसटीनं माधवनगरला आले. बायको माहेरी होती, घरात मी एकटाच. मी चहा केला.

"अहो, सर्वपित्रीच्या आधीच मुदत संपतीय," ते म्हणाले. "सही करा, पुढचं मी बघतो."

त्यांनी पेन पुढं केलं. मी बिस्किटांची बशी पुढं केली. म्हणालो, साहेब, घटस्थापनेला करू.

घटस्थापनेला सही केली. मुदत तोवर गेलेली. मग उशीर माफ करा म्हणून अर्ज द्यायचा, आणि अर्जात उशिराचं कारण लिहायचं. खरं कारण लिहिलं असतं तर दादानं वाचलं असतं. मुहूर्त बघणारा माणूस दिसला की दादा म्हणतो, "आरं, गोळी काय पंचांग बघून येती व्हय?" त्याच्यापुढं मी कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो? मी वकीलसाहेबांना म्हटलं — माझं नाव नको.

त्यांनी अर्जाचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं न्यायाधीश पुष्कळदा म्हणतात. चूक माझ्या ऑफिसची झाली, असं लिहू. अपील तरी वाचेल तुमचं."

आणि त्यांनी तसं लिहिलं. माझ्यासाठी — खोटं.

अपील वाचलं नाही. उशीर माफ झाला नाही, वाट कायमची गेली.

दादानं तो अर्ज वाचला. मग मला विचारलं, नेमकं झालं काय? मला तिथंच थांबता आलं असतं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस ना. मी वकीलसाहेब फायलीवर डोकं ठेवून घोरत असल्याची नक्कलसुद्धा करून दाखवली. सगळं घर हसलं. दादा हसला नाही.

"सोत्ताच्या सहीनं कबूल करतोय ह्यो माणूस. दावा ठोकायचा ह्याच्यावर."

मी म्हणालो, जाऊ दे दादा, म्हातारा माणूस आहे.

"तू लय मऊ हायस गड्या."

माझ्या भित्रेपणाला असं बरं नाव मिळालं. मी ते ठेवून घेतलं.

जमीन माझ्या नावाची, म्हणून नुकसानभरपाईचा दावाही माझ्याच नावानं. दर तारखेला ठरवायचो — आज सांगायचं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो की दादा समोर, हातात माझ्यासाठी गरम वडापाव. वडापाव धरून उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार? आधी खायचो. मग कोर्टाची वेळ व्हायची.

माझी साक्ष निघाली. वकीलसाहेबांच्या वकिलानं सरळ विचारलं — माझे अशील सहीसाठी तुमच्या घरी आले होते, पितृपंधरवडा आहे म्हणून तुम्ही सही केली नाहीत, खरं की नाही? दादा पुढच्या बाकावर होता. वकीलसाहेब माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. मी खरं सांगेन, असं त्यांना वाटत होतं बहुतेक.

मी म्हणालो, "खोटं आहे. ते आमच्या घरी कधीच आलेले नाहीत."

मला कुणी ढकललं होतं का? नाही.

त्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगितलं, अर्जातलं कारण मी पक्षकाराला वाचवायला लिहिलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं — म्हणजे न्यायालयात तुम्ही खोटं लिहिलंत? ते म्हणाले, हो, लिहिलं. निकाल आमच्या बाजूनं लागला. त्यानंतर त्यांनी काळा कोट घातला नाही, असं ऐकलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दादानं मेढ्याला बोकड कापला. पंगतीत मला शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि पोरांना म्हणाला, "कोर्टात उभं ऱ्हाऊन खरं बोलायला छाती लागती. तुमच्या काकाकडनं शिका."

पोरं माझ्याकडं बघत राहिली. मी ताट पुढं सरकवलं आणि आणखी रस्सा मागितला.