सुरकुतलेल्या गोळ्यांचा डबा

आई गेल्यावर बाबा बोलायचे थांबले. अगदी मौनव्रत नव्हे. हो, नाही, बरं, चालेल, एवढं म्हणायचे. पण आमचे बाबा म्हणजे रिक्षावाल्याशी वाद घालून त्यालाच चहा पाजणारे गृहस्थ! त्यांचं हे 'चालेल' मला ऐकवत नसे. शेवटी तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि त्यांना इथे डच मुलखात, फेल्डहोवनला घेऊन आले.

आल्यावर काय? खिडकीशी बसून सायकली बघायचे. मी रजा काढून पवनचक्क्या दाखवल्या, डेल्फ्टला नेलं, कालव्यातून बोटीत बसवलं. सगळ्याला एकच उत्तर, छान आहे. एकदा मी चिडलेच. म्हटलं, छान आहे तर चेहऱ्यावर दिसू द्या की थोडं. त्यावरही ते बरं म्हणाले. नवरा म्हणाला, अगं, त्यांना माणसं हवीत, पवनचक्क्या काय करायच्यात. आता इथे त्यांच्यासाठी माणसं आणायची कुठून? आजूबाजूला सगळे इंजिनिअर, सकाळी सायकलवर टांग टाकली की संध्याकाळी परत.

माणूस मिळाला तो भिंतीपलीकडेच. शेजाऱ्याला इथे बुर्मान म्हणतात आणि आम्ही आमच्या शेजाऱ्याला कायम त्याच नावाने हाक मारत आलो. पंच्याहत्तरीचे, निवृत्त टर्नर, गेल्या वर्षी बायको गेली. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एक अमेरिकन कार्बाइन आहे. आखूड, हलकी बंदूक, त्या वेळी ड्रायव्हर आणि वायरलेसवाल्यांना द्यायचे म्हणे. रीतसर परवाना आहे, बंदूक वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटात कुलपात असते आणि फक्त क्लबच्या रेंजवर बाहेर निघते. तिच्यासाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या ते गॅरेजमध्ये स्वतः ओततात. दुकानात काडतुसं मिळतात की, असं मी एकदा म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं विकतच्या पापडाचं कौतुक करणाऱ्याकडे आईने बघावं.

तर एक दिवस बाबा कोपऱ्यापर्यंत फेरी मारायला गेले आणि तासभर परतलेच नाहीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शोधायला बाहेर पडले तर बुर्मानच्या गॅरेजचं दार उघडं, आत बाबा स्टुलावर. समोर ताटात ताज्या गोळ्या. बाबा एकेक उचलून दोन बोटांत फिरवत उजेडाला धरत होते आणि बघून झाली की उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवत होते. बुर्मान चष्मा पुसून डावीकडच्या गोळ्या बघत होते आणि मान हलवत होते.

सांगायचं राहिलंच. बाबांनी सारी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, तीही एकाच टेबलावर, गोळ्या तपासायच्या. चांगली ती पास, बाकीची रिजेक्ट. रिजेक्ट गेली की परत भट्टीत. आयुष्यभर हेच.

त्या दिवसापासून बाबा रोज चहा झाला की भिंतीपलीकडे. बाबांचं इंग्रजी कारखान्याचं, ओके, रिजेक्ट, रीवर्क. बुर्मानचं इंग्रजी टीव्हीवरून शिकलेलं. पण दोघांचं मस्त चालायचं. मी मात्र आधी जाऊन दम दिला होता. शिशाची वाफ चांगली नव्हे, खिडक्या सताड उघड्या हव्यात, आत खाणंपिणं बंद, हात साबणाने धुतल्याशिवाय माझ्या घरात पाऊल नाही. दोघांनी शाळेतल्या मुलांसारखं ऐकून घेतलं.

मग रात्री जेवताना बाबांची टकळी सुरू झाली. शिसं कुठलं, तर जुन्या छपरांच्या सांध्यातलं, कौलं काढणारे देतात. नुसतं शिसं मऊ पडतं म्हणून त्यात थोडं कथील. ते इथल्या राजाच्या वाढदिवसाला रस्त्यावर जुनाबाजार भरतो, तिथे मिळणाऱ्या कथलाच्या मगांमधून. "अगं, कल्हईवाला वापरायचा तेच की!" असं बाबा म्हणाले आणि मला वाटलं, आला बाई माझा बाप परत. साचा गार असताना ओतलं तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती पिठूळ दिसते. तळाला तांब्याची एवढीशी टिकली बसवायची. काडतुसात दारू भरायचं काम बुर्मान वर, दार लावून, एकटेच करतात आणि तेच बरोबर आहे, असंही बाबांनी बजावलं. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. तरी मी वाढत होते, ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोला, आणखी बोला.

आणि मग तो मंगळवार आला.

बुर्मानना डोळे तपासायला हॉस्पिटलात जायचं होतं. बाबांवर एवढा विश्वास बसला होता की गॅरेज त्यांच्यावर सोपवून गेले. ताटातलं काम लवकर संपलं. आता रिकामं बसायचं, तर ते बाबा कसले! खालच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. उघडला तर गोळ्या. बाबांनी त्या तपासायला घेतल्या. एकीला सुरकुती, दुसरीला सुरकुती, तिसरीचा तळ वाकडा. जित्याची खोड, दुसरं काय! सगळा डबा रिजेक्ट. बाबांनी भांडं तापवलं, सगळ्या आत टाकल्या, वरची मळी काढली आणि त्या शिशाच्या छान चकचकीत विटा पाडल्या. वर डबाही घासूनपुसून ठेवला.

मी जेवायला बोलवायला गेले आणि तेवढ्यात बुर्मान परत आले. बाबांनी मोठ्या अभिमानाने त्यांना विटा दाखवल्या. बुर्माननी रिकामा डबा बघितला आणि हात लांब करून खुर्ची शोधली. ते मला डचमध्ये म्हणाले, "त्या तिच्या होत्या. तिने ओतलेल्या." मग म्हणाले, कृपा करून आता घरी जा.

बाबांना मी घरी आल्यावर सांगितलं. ते जेवलेच नाहीत.

मला दोघांचाही राग आला. बुर्मानना डब्यावर चिठ्ठी लावायला काय झालं होतं? आणि बाबांना दुसऱ्याच्या घरातला डबा उघडायचं नडलं होतं का? पण रागाच्या खाली भीती होती. पुढचे दोन-तीन दिवस गॅरेज बंद. बाबा पुन्हा खिडकीशी. पुन्हा बरं, चालेल. मग म्हणाले, अलीकडच्या तारखेचं परतीचं तिकीट मिळतंय का बघ. तिकडे त्यांची वाट बघणारं कोण होतं? कुलूप. हा माणूस आता गेला की त्या कुलपाआड पुरता मुका होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

जाऊन माफी तरी मागा, मी म्हटलं. ते म्हणाले, "काय सांगू? काम तर बरोबरच केलं होतं." जरा वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "बरोबर केलं होतं, तेच तर."

शनिवारी बेल वाजली. इथे वेळ ठरवल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही, सख्खा भाऊसुद्धा. दारात बुर्मान. तुझ्या वडिलांशी बोलायचंय, तू भाषांतर कर, म्हणाले. आम्ही त्यांच्यामागून गॅरेजात गेलो. टेबलावर त्या विटा तशाच होत्या.

बुर्मान सांगू लागले आणि मी मराठीत बाबांना सांगत गेले. गोळ्या त्यांची बायको ओतायची, काडतुसं ते भरायचे. साचा तापेपर्यंत थांबायचा तिला कधी धीर नव्हता. लग्न झाल्यापासून त्यावरून भांडणं. त्या डब्यात तिच्या शेवटच्या गोळ्या होत्या, त्या झाडायचं मन होत नव्हतं आणि वितळवायचंही. मला राग आला होता, ते म्हणाले, आणि अजून आहे. डच माणूस, मनात ठेवत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्या बायकोचं तुम्ही काय ठेवलंत?

बाबा म्हणाले, काही नाही. साड्या तेराव्यालाच देऊन टाकल्या, चष्मा देवळातल्या पेटीत टाकला. आमच्यात ठेवत नाहीत. मला वाटलं, दिसलं नाही की दुखणार नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना सांग, मला हिचा आवाज आठवेनासा झालाय."

माझी आई हो ती. मी ते कसं सांगितलं, माझं मला माहीत. बुर्माननी एक वीट उचलून परत ठेवली. म्हणाले, मलाही तिचा आठवत नाही, हिवाळ्यापासून.

मला वाटलं, संपलं, आता दोघं रडणार आणि मीही. पण बाबांनी एक विचित्रच प्रश्न विचारला. साचा गार आहे म्हणून तुम्ही ओरडलात की त्या काय म्हणायच्या?

बुर्माननी विचार केला. मग एक हात कमरेवर ठेवला, मान तिरकी केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "तुला नवरी बघायचीय की गोळी उडवायचीय?" म्हणाले आणि दचकले. हात कमरेवर तसाच. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी बाबांकडे बोट केलं. आणि तुमची?

बाबा म्हणाले, मी जेवायला बसलो की पोळी हातात घेऊन उजेडाला धरायचो. कुठे जाड, कुठे करपलेली. हातांना सवयच तशी. मग ती...

बाबा ताठ बसले. हनुवटी वर केली आणि नाकात बोलले, तिच्यासारखं, शेवटचा शब्द असा तोडून:

"हा कारखाना नव्हे. गिळा."

दीड वर्षाने मी आईला ऐकलं. तीच, अगदी तीच. बाबांनीही ऐकलं, कारण ते तोंडावर हात ठेवून बसले होते, हललं तर आवाज निघून जाईल असे. बुर्मान माझ्याकडे बघत होते, भाषांतराची वाट बघत. मी हात वर केला, जरा थांबा. ते थांबले.