लाभ, वन, टू

चाळिशी उलटल्यावर मला इंग्रजीच्या क्लासला जावं लागलं आणि त्याचा मला भयंकर राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम करत होते. कोणत्या डॉक्टरांना कोणती कात्री लागते, कुणाचा आवाज चढला की समजावं रक्त थांबत नाहीये, हे मला न सांगता कळायचं. पण आमच्या हॉस्पिटलनं दर्जाचं कसलंसं प्रमाणपत्र मिळवायचं ठरवलं आणि नोटीस लागली की थिएटरमधली सगळी मोजणी यापुढे मोठ्यानं आणि इंग्रजीतून होईल. नेमक्या त्याच सुमाराला थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा मला मिळणार असं मीच काय, सगळेच धरून चालले होते. मेट्रनबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काम आपलं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजीचं बघा. पुढच्या महिन्यात मी स्वतः थिएटरमध्ये उभी राहून बघणार आहे."

म्हणून सदाशिव पेठेतला क्लास. पहिला मजला, खाली दातांचा दवाखाना, त्यामुळे व्याकरण शिकताना मध्येच दात कोरण्याचा आवाज यायचा. शिकवणारे सर सत्तरीचे, निवृत्त मास्तर. कुणी चुकलं की ते रागावत नसत, "वा, नवीनच ऐकलं," एवढंच म्हणत, आणि ते रागावण्यापेक्षा जास्त लागायचं. बाकीची मुलंमुली वीस-बावीसची. मी ड्यूटी संपवून, पाय ठणकत असताना, शेवटच्या बाकावर जाऊन बसायची.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला मोजता येणारी नामं, दुसऱ्या बाजूला न मोजता येणारी. खुर्ची, पुस्तक, कांदा इकडे. पाणी, दूध, रक्त, सल्ला तिकडे. तिकडेच त्यांनी तांदूळही लिहिला. मला राहवलं नाही.

"सर, तांदूळ मोजता येत नाही?"

"आपण मोजता?"

"माझे वडील मोजायचे. पोतीच्या पोती."

"दाणे?" सर म्हणाले, आणि वर्ग हसला.

"मापटी," मी म्हटलं.

"मग आपले वडील मापटी मोजत होते. तांदूळ नुसता आत होता."

पण तोंड बंद ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "आणि गॉज? जखमेतलं रक्त टिपायचं ते कापड?" सरांनी शब्दकोश उघडून पाहिला आणि तेही न मोजता येणाऱ्या बाजूला लिहून टाकलं. मी उभीच राहिले. "सर, माझी नोकरीच गॉज मोजायची आहे. ऑपरेशनला किती आत दिले आणि किती बाहेर आले, हे मी मोजते. एक जरी पोटात राहिला तर माणूस जिवाला मुकतो."

सरांनी शब्दकोश मिटला. मग म्हणाले, "पाणी मोजायचं तर पेला धरतो. तांदळाला मापटं. तुमच्या गॉजला 'पीस' म्हणा, म्हणजे इंग्रजीतही मोजता येईल. मोजतो ते माप. कळलं? बसा आता, वर्गात अजून लोक आहेत."

मला ते पटलं, आणि पटलं याचाही राग आला. कारण हे मी आबांकडून आधीच शिकले होते, फक्त कुणी असं फोडून सांगितलं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. खडकवासल्याच्या अलीकडे आमचं गाव होतं, तिथे आता सोसायट्या आहेत. तिथे आमची भातशेती होती. घरात भात आला की आबा उकिडवे बसत, पितळी मापटं भरत, वरून हात फिरवून सपाट करत आणि पोत्यात रिचवताना मोठ्यानं म्हणत, "लाभ." दुसऱ्याला "दोन." तिसऱ्याला "तीन." पहिल्या मापाला ते कधीही एक म्हणाले नाहीत. लहानपणी मी एकदा मध्ये तोंड घालून "एक" म्हटलं, तर त्यांनी ते माप परत ओतलं आणि नव्यानं भरलं. "आगं, पयल्याला एक म्हनू न्हाय. लाभ म्हनायचं. घरात आलेल्याचा मान ठिवावा."

ते माझ्या अंगात इतकं मुरलं की मी थिएटरमध्येही तशीच मोजायची. मनात. लाभ, दोन, तीन, चार, असं दहापर्यंत. एकच्या जागी लाभ होता, त्यामुळे बावीस वर्षांत एकदाही काही बिघडलं नाही. कुणाला ठाऊकही नव्हतं.

आमच्याकडे गॉजचे तुकडे आम्हीच घडी घालायचो, दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्यानं बांधायचो आणि मग ते वाफेत निर्जंतुक व्हायला जायचे. मेट्रनबाईंची परीक्षा जवळ आली तशी दुपारी काम कमी असलं की मी गठ्ठे बांधायला बसायची आणि तोंडानं इंग्रजी आकडे घोटायची. वन पीस, टू पीसेस, थ्री पीसेस. मला वाटायचं, छान चाललंय. संध्याकाळी कर्वेनगरला घरी जाऊन आबांनाही म्हणून दाखवायची. आम्ही दोघंच राहतो. ते खाटेवर बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "झ्याक हाय."

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊचं ऑपरेशन होतं. एका बाईच्या पोटातली गाठ काढायची होती. पस्तिशीची असेल. भूल देण्याआधी तिनं माझं बोट धरलं आणि विचारलं, "सिस्टर, तुम्ही असाल ना इथंच?" मी हो म्हटलं. हे वाक्य मी रोज म्हणते, पण त्या दिवशी माझं निम्मं लक्ष दारापाशी यादी घेऊन उभ्या असलेल्या मेट्रनबाईंकडे होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

टेबलाजवळ डॉक्टरांच्या हाताखाली केरळची एक सिस्टर होती, कामाला चोख. मी मोठ्यानं मोजायचं आणि तिनं एकेक तुकडा बाजूला टाकायचा, असं ठरलं होतं. तिनं गठ्ठ्याचा दोरा सोडला. मास्कच्या आत माझं तोंड कोरडं पडलं होतं. तिनं पहिला तुकडा टाकला, दुसरा टाकला, मी मोजत गेले आणि आवाज न कापता "टेन पीसेस" म्हणून थांबले. हात तिचाही तिथेच थांबला. गठ्ठा संपला होता. मी फळ्यावर दहा लिहिलं. मेट्रनबाईंनी यादीवर खूण केली. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

ऑपरेशन नीट चाललं होतं. मध्येच थोडं जास्त रक्त आलं, डॉक्टरांनी भराभर गॉज मागून घेतले, मग सगळं आटोक्यात आलं. गाठ निघाली. टाके घालायची वेळ झाली. बाहेर आलेले तुकडे खाली निळ्या कागदावर पसरले होते. मेट्रनबाई म्हणाल्या, "आता दुसऱ्या सिस्टरना मोजू द्या." केरळची सिस्टर टेबलावरून वाकून चिमट्यानं एकेक तुकडा दाखवत मोजू लागली. "वन," ती म्हणाली, आणि तिचा चिमटा पहिल्या तुकड्यावर होता.

मी चटकन फळ्यावरच्या दहाकडे पाहिलं.

कारण तिचं वन पहिल्या तुकड्यावर पडलं होतं. माझं वन कुठे पडलं होतं? मी तो सुरुवातीचा क्षण आठवायला लागले. पहिला तुकडा पडला तेव्हा मी काय म्हटलं होतं? माझे ओठ हलले होते, पण आवाज आला नव्हता. मनात काय म्हटलं ते मला स्पष्ट आठवलं. लाभ. आणि मग दुसऱ्या तुकड्याला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, वन.

"टेन," सिस्टर म्हणाली. "करेक्ट."

फळ्यावर दहा, कागदावर दहा. डॉक्टरांनी सुई मागितली. मेट्रनबाईंनी शेवटची खूण केली आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या. ती जागा माझी झाली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. गठ्ठे दहाचेच असतात, माझ्या आठवणीत काहीतरी घोळ झाला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण आदल्या दुपारी हे गठ्ठे बांधतानाही मी तस्संच घोटत बसले होते. लाभ मनात, वन तोंडात. म्हणजे बांधताना अकरा, उघडताना अकरा, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून दहाच.

"थांबा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. "काय झालं? काउंट जुळलाय ना?"

"जुळलाय. पण माझा सुरुवातीचा काउंट चुकलाय. एक गॉज आत आहे, असं मला वाटतं."

"वाटतं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "बाई किती वेळ भुलीत आहेत, कल्पना आहे का आपल्याला? वाटतं म्हणून मी पोट पुन्हा चाचपू?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "सिस्टर, आपण स्वतः मोजलंत. मी ऐकलं."

"तुम्ही ऐकलंत ते दहा होतं," मी म्हणाले. "न ऐकलेला एक त्याच्या आधी होता."

हे कुणाला कळणार होतं? लाभ म्हणजे काय, हे तिथे कुठल्या तोंडानं सांगायचं होतं? मी समजावत बसले नाही. कपाटाकडे गेले, त्याच आदल्या दुपारी बांधलेला दुसरा गठ्ठा काढला, डॉक्टरांसमोर दोरा तोडला आणि केरळच्या सिस्टरला म्हटलं, "तू मोज." मी एकेक तुकडा टाकत गेले. ती मोजत गेली. "टेन" म्हणाली, आणि माझ्या हातात अजून एक उरला होता. तो मी वर धरला.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

त्यानंतरचा वेळ किती होता, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांचा हात आत होता. यंत्राचा टिकटिक आवाज येत होता. मनात मी देवाला म्हणत होते की गॉज सापडू दे, आणि त्याच वेळी म्हणत होते की नसूच दे, आणि दोन्हींपैकी काय हवंय ते मला कळत नव्हतं. नसता, तर मी सगळ्यांसमोर वेडी ठरले असते, आणि ती बाई सुखरूप असती. ते चाललं असतं.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

आतड्याच्या मागून, डाव्या अंगाला, रक्तानं भिजून अगदी आतल्या मांसासारखा दिसणारा तो तुकडा त्यांनी बाहेर काढला. तो त्यांनी निळ्या कागदावर बाकीच्यांशेजारी ठेवला. मी फळ्यावरचे दहा पुसले आणि अकरा लिहिले.

बाहेर जाऊन डॉक्टरांनी बाईंच्या नवऱ्याला काय झालं ते खरं खरं सांगितलं. बाई सहाव्या दिवशी चालत घरी गेल्या. कपाटातले ऑपरेशनच्या आदल्या दुपारचे सगळे गठ्ठे उघडून पुन्हा मोजले, सगळे अकराचे निघाले. मेट्रनबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नेहमीच्या थंड आवाजात म्हणाल्या, "आपण बोललात हे चांगलं केलंत. इन्चार्ज मात्र आपल्याला करता येणार नाही." मला दोन्ही वाक्यं मान्य होती. तरी बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले. आपलंच चुकलं होतं आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

घरी आबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "बाई बरी हाय न्हवं?" बरी आहे म्हटल्यावर ते कुशीवर वळले. मला वाटलं, त्यांना नीटसं समजलं नसावं. ऐंशीच्या घरातला माणूस, त्याला गॉज काय आणि काउंट काय.

पुढच्या रविवारी तांदळाचं पोतं आलं. पोत्यातला तांदूळ डब्यात भरायचं काम अजूनही आबांचंच. जमिनी गेल्या, पण ते पितळी मापटं त्यांनी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्येही आणलंय. मी ओट्याशी भाजी चिरत होते. ते उकिडवे बसले, मापटं भरलं, वरून हात फिरवला. डब्यात रिचवलं आणि म्हणाले, "एक."

माझी सुरी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून पहिल्या मापाला एक ऐकत होते.

"आबा, लाभ म्हणा ना," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. पुढचं माप भरत म्हणाले, "नगं. तुला ऐकू येतंय, अन् मग तेच मनात ऱ्हातंय."

आणि त्यांनी ते डब्यात ओतलं. "दोन," ते म्हणाले.